रस्टमधला पॅनिक: कुठे थांबायचं आणि किती थांबायचं

रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत चुका दोन प्रकारच्या मानल्या जातात. ज्यातून वाट काढता येते अशी चूक फंक्शन रिझल्ट (उत्तर किंवा एरर) म्हणून परत देतं आणि बोलावणारा तिचं काय ते बघतो. ज्यातून वाट नाही तिथे प्रोग्रॅम पॅनिक होतो, म्हणजे कारण सांगून काम तिथेच सोडतो. नवीन माणूस पहिल्या प्रकारावर पुष्कळ वाचतो आणि दुसऱ्याला फक्त घाबरतो. माझं म्हणणं उलट आहे. पॅनिक टाळण्यात जेवढा वेळ घालवता, त्यातला निम्मा तरी पॅनिक झाल्यावर काय व्हावं हे ठरवण्यात घाला. तो किती पसरेल, मागे काय लिहून ठेवेल आणि प्रोग्रॅम पुन्हा उभा कोण करेल, ही उत्तरं कोडमध्ये आधीच असायला हवीत.

दूध संकलन केंद्रांवर चालणारा एक प्रोग्रॅम मी सांभाळते, म्हणून उदाहरणं तिथलीच देते. छोट्या लिनक्स डब्यावर तो चालतो. काट्याकडून वजन घेतो, फॅट मशीनकडून फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) घेतो, दरपत्रकात भाव बघतो, पावती छापतो आणि हिशेब सर्व्हरला पाठवतो. सकाळी दूध घालणाऱ्यांची रांग असते आणि दूध थांबत नाही. इथे प्रोग्रॅम बंद पडणं वाईटच, पण चुकीच्या वजनाची पावती निघणं त्याहून वाईट. या दोन वाक्यांवर पुढचे सगळे निर्णय उभे आहेत. तुमच्या कामात अशी दोन वाक्यं कोणती, ते आधी लिहून काढा.

आधी संदेश नीट वाचा

पॅनिक झाला की स्टँडर्ड एररवर थ्रेडचं (प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या कामाच्या धाग्याचं) नाव, फाइल, ओळ आणि रकाना येतो. त्याखाली कारण येतं. अनरॅप किंवा एक्स्पेक्टमुळे (हे रिझल्टमधलं उत्तर काढून देतात आणि एरर असेल तर पॅनिक करतात) झाला असेल तर दिसणारी ओळ तुमच्या कोडमधली असते, लायब्ररीच्या पोटातली नसते. रस्ट १.४२ पासून ही सोय आहे. तेवढ्यावर भागलं नाही तर रस्ट बॅकट्रेस हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करून प्रोग्रॅम पुन्हा चालवा. लांबलचक यादी येईल. वरच्या बऱ्याच ओळी स्टँडर्ड लायब्ररीच्या असतात, त्या सोडून खाली या आणि तुमच्या सोर्स फोल्डरची पहिली ओळ शोधा. बहुतेक वेळा उत्तर तिथे किंवा तिच्या एक पायरी खाली असतं.

रिलीज बिल्डमध्ये (प्रत्यक्ष वापरासाठी बनवलेल्या प्रोग्रॅममध्ये) ही यादी पोकळ निघते, कारण डीबगची माहिती त्यात नसते. कार्गो या रस्टच्या बिल्ड साधनाच्या टॉमल फाइलमध्ये रिलीज प्रोफाइलखाली डीबगची किंमत लाइन-टेबल्स-ओन्ली ठेवा. बायनरी थोडी मोठी होते, पण लांबच्या गावातल्या डब्यावरून आलेल्या लॉगमध्ये ओळींचे आकडे मिळतात. त्या आकड्यांसाठी मी वाटेल तेवढी डिस्क द्यायला तयार आहे.

आता एक पॅनिक जवळून बघू. तो आपल्या भाषेत काम करणाऱ्या प्रत्येकाला कधीतरी भेटतोच.

पावतीवर नावाचा रकाना छोटा असतो, म्हणून कोड असा: नाव २० बाइटपेक्षा मोठं असेल तर शून्य ते वीस एवढा तुकडा घे. रोमन लिपीतल्या नावांवर हे कायम चालतं. टेस्टमध्ये 'सुरेश' घातलं तरी चालतं. युटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, मात्रा आणि हलन्तही वेगळे मोजले जातात. 'सुरेश'ची चिन्हं ५, म्हणजे १५ बाइट, कापायची वेळच येत नाही. मग यादीत 'ज्ञानेश्वर' येतो. चिन्हं १०, बाइट ३०. विसावा बाइट 'श'च्या मध्यात पडतो, कारण 'श' १८ ते २१ मध्ये बसलेला आहे. रस्ट तिथेच थांबतो आणि संदेशात नेमकं हेच सांगतो: बाइट २० ही अक्षराची सीमा नाही, तो 'श'च्या आत आहे, १८ ते २१.

गंमत म्हणजे 'श्री. पाटील' हे २९ बाइटचं नाव त्याच कोडमधून बिनतक्रार जातं. 'श्री'चे १२, टिंब आणि मोकळी जागा धरून १४, 'पा'चे ६, बरोबर २०. पावतीवर 'श्री. पा' छापलं जातं आणि कुणाला काही कळत नाही. असा कोड महिनोन्‌महिने नीट चालतोय असं वाटतं. म्हणून टेस्टमध्ये 'सुरेश'वर थांबू नका. जोडाक्षरं असलेली, लांब, टिंब आणि जागा असलेली, मराठी आणि रोमन मिसळलेली नावं घाला.

दुरुस्ती करताना नुसता पॅनिक घालवू नका. थेट तुकडा घेण्याऐवजी गेट वापरलंत तर सीमा चुकल्यावर नन ('काही नाही' हे उत्तर) मिळतं, पॅनिक होत नाही. चिन्हं मोजून पहिली आठ घेतलीत तरी पॅनिक होत नाही, पण 'ज्ञानेश्' असं पाय मोडलेलं नाव छापलं जातं. माणसाला जे एक अक्षर वाटतं त्याला युनिकोडमध्ये ग्राफीम क्लस्टर म्हणतात. युनिकोड-सेगमेंटेशन हे क्रेट (रस्टची लायब्ररी) त्याप्रमाणे तुकडे पाडतं, नावं कापायला तेच घ्या. जोडाक्षरं मधूनच तोडू नयेत हा नियम युनिकोडमध्ये १५.१ या आवृत्तीत आला, तेव्हा क्रेटची आवृत्ती जुनी ठेवू नका आणि 'ज्ञा', 'श्व', 'र्‍या' घालून स्वतः तपासा.

इथे मला रस्टची बाजू घ्यायची आहे. हाच कोड सी भाषेत असता तर अर्धा 'श' पावतीवर आणि पुढे डेटाबेसमध्ये गेला असता. वाचताना मेमरीची हद्द ओलांडली गेली तर परिणाम किती दूर जातात ते एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीडने दाखवलं. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीमधल्या त्या चुकीमुळे एका मागणीला सर्व्हर ६४ किलोबाइटपर्यंत स्वतःची मेमरी परत देत होता, आणि लॉगमध्ये खूणही उरत नव्हती. पॅनिक निदान गप्प बसत नाही.

पॅनिक कुठे, रिझल्ट कुठे

मी एकच प्रश्न विचारते: ही गोष्ट माझ्या कोडने दिलेलं वचन आहे का बाहेरून आलेली बातमी आहे? काटा, फॅट मशीन, फाइल, नेटवर्क, माणसाने टाइप केलेला कोड, या सगळ्या बातम्या. त्या चुकीच्या असणारच, त्यांना रिझल्ट. दरपत्रक लोड करताना मी ते क्रमाने लावून तपासलंय आणि नंतर त्यात शोधताना क्रम मोडलेला दिसला, तर वचन मोडलं. तिथे पॅनिकच योग्य, कारण पुढचा प्रत्येक भाव संशयास्पद आहे.

वजनाचं उदाहरण घ्या. एकूण वजनातून रिकाम्या बादलीचं वजन वजा करायचं. दोन्ही ३२ बिटचे, चिन्हाशिवायचे पूर्णांक, ग्रॅममध्ये. कुणी मधेच बादली उचलली की एकूण ० आणि वजा करायचे २५००. डीबग बिल्ड (कोड लिहिताना चालवतो तो) इथे पॅनिक होतो. रिलीज बिल्ड होत नाही! आकडा उलटा फिरतो आणि उत्तर येतं ४२ लाख ९४ हजार ९६४ किलो. एवढा आकडा कुणाच्याही डोळ्यांत भरेल, पण मधल्या एखाद्या हिशेबात असाच छोटा आकडा फिरला तर भरणार नाही. त्यासाठी रिलीज प्रोफाइलमध्ये ओव्हरफ्लो-चेक्स चालू करा, म्हणजे आकडा फिरला की तिथेही पॅनिक होईल. पैशांचा आणि वजनाचा हिशेब करणाऱ्या प्रोग्रॅमला वेगाचा तेवढा फटका जाणवतही नाही. आणि खुद्द या वजाबाकीसाठी चेक्ड-सब (उत्तर शून्याखाली गेलं तर नन देणारी वजाबाकी) वापरा, कारण बादली उचलणं ही बातमी आहे. नन आलं की पडद्यावर 'काटा स्थिर नाही' दाखवायचं आणि पुढचं वाचन घ्यायचं.

अनरॅपबद्दल कडक नियम करणारे पुष्कळ भेटतात. टेस्टमध्ये आणि एकदाच चालवायच्या स्क्रिप्टमध्ये अनरॅप खुशाल वापरा. चालू कोडमध्ये एक्स्पेक्ट वापरा आणि त्यात 'फाइल उघडता आली नाही' असं लिहू नका, ते एरर स्वतःच सांगते. तिथे तुमचं गृहीतक लिहा: 'दरपत्रक लोड करतानाच तपासलं आहे, रिकामं असू शकत नाही'. लिहिताना हात अडखळला, गृहीतक शब्दांत मांडता येईना, तर तिथे रिझल्ट हवा होता असं समजा.

१८ नोव्हेंबर २०२५ला क्लाउडफ्लेअर (असंख्य साइट्सची वाहतूक मधे बसून सांभाळणारी कंपनी) बसलं ते याच रेषेवर. भारतीय वेळेनुसार संध्याकाळी पाचच्या आसपास जगभरच्या असंख्य साइट्सवर एररची पानं दिसू लागली. कंपनीने कारण सविस्तर प्रसिद्ध केलं. डेटाबेसच्या परवानग्यांमधल्या एका बदलामुळे क्वेरीत ओळी दुप्पट येऊ लागल्या. त्यातून बॉट ओळखणाऱ्या मॉड्यूलची फीचर फाइल फुगली. प्रॉक्सीच्या रस्ट कोडमध्ये २०० फीचर्सची मर्यादा होती, नेहमीचा वापर साठच्या आसपास. मर्यादा ओलांडल्यावर एरर परत आली आणि तिच्यावर अनरॅप होता. फाइल दर पाच मिनिटांनी नवी बनत होती आणि सुरुवातीला कधी चांगली कधी वाईट निघत होती, त्यामुळे यंत्रणा मधेच सावरायची, पुन्हा पडायची, आणि आधी संशय बाहेरच्या हल्ल्यावर गेला.

यावरून लोकांनी अनरॅपला आणि रस्टला पुष्कळ बोल लावले. मला त्यातलं महत्त्वाचं वेगळं वाटतं. ती फाइल कंपनीच्याच दुसऱ्या यंत्रणेने बनवलेली, म्हणून घरची समजली गेली. चालू प्रोसेसच्या दृष्टीने मात्र ती बाहेरून आलेली बातमीच. नवी फाइल नाकारून जुनीवर काम चालू ठेवणं, हे उत्तर रिझल्टने शक्य होतं. तुमच्या स्वतःच्या सर्व्हरवरून येणारं कॉन्फिगरेशनही काट्याच्या वाचनासारखंच तपासा. आमच्याकडे नवं दरपत्रक आधी वेगळं वाचलं जातं, पूर्ण तपासलं जातं आणि मगच जुन्याच्या जागी बसतं. सुरू होतानाच एकही चांगलं दरपत्रक नसेल तर मात्र एक्स्पेक्ट. भाव माहीत नसताना दूध घ्यायचं नाही.

किती पसरू द्यायचा

पॅनिक झाल्यावर रस्ट डिफॉल्टने स्टॅक (एकमेकांना बोलावलेल्या फंक्शनची उतरंड) उलगडत मागे जातो आणि वाटेतल्या प्रत्येक व्हॅल्यूचं ड्रॉप (आवराआवर करणारं फंक्शन) चालवतो. फाइली बंद होतात, कुलपं सुटतात. शेवटी तो थ्रेड संपतो. मुख्य थ्रेड असेल तर प्रोसेस १०१ या कोडने बाहेर पडते. दुसरा थ्रेड असेल तर फक्त तोच संपतो आणि बाकीचा प्रोग्रॅम चालू राहतो.

या शेवटच्या वाक्यावर जरा थांबा, कारण सगळ्यात धोकादायक जागा ही आहे. काटा वाचणारा थ्रेड वेगळा आहे आणि वाचलेलं वजन तो एका अ‍ॅटॉमिकमध्ये (सगळ्या थ्रेडना वाचता येणाऱ्या सामाईक जागेत) ठेवतो, असं समजा. काट्याने एक विचित्र ओळ पाठवली, थ्रेड पॅनिक होऊन गेला. पडदा चालू, बटणं चालू, प्रिंटर चालू. वजनाच्या जागी मागच्या माणसाचे १२.४ किलो गोठून राहिलेले. पुढच्याची पावती त्याच आकड्याने निघते. लॉगमध्ये पॅनिकच्या ओळी आहेत, पण रांगेसमोर उभं राहून लॉग कोण वाचतं?

वाट दोन प्रकारे काढता येते. एक म्हणजे वजन चॅनेलमधून पाठवा. थ्रेड उलगडताना पाठवणारं टोक ड्रॉप होतं, ऐकणाऱ्याला रिसीव्हवर एरर मिळते आणि तो पडदा लाल करतो. फक्त पाठवणाऱ्या टोकाचा क्लोन दुसरीकडे कुणी धरून बसलेला नाही ना ते बघा, नाहीतर एरर कधीच येत नाही. दुसरी वाट म्हणजे थ्रेडचं जॉइन हँडल जपून ठेवा आणि तो संपलाय का ते विचारत राहा. पॅनिक झाला असेल तर जॉइनमधून एरर हातात येते. एकाच वेळी अनेक कामं चालवणाऱ्या टोकियो या लायब्ररीतही तेच. टास्क पॅनिक झाला तर जॉइन एरर मिळते, पण हँडल फेकून दिलं असेल तर कुणालाच कळत नाही.

म्यूटेक्स, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला डेटा वापरू देणारं कुलूप, याबाबतीत मदत करतो. कुलूप हातात असताना थ्रेड पॅनिक झाला तर म्यूटेक्स विषारी म्हणून खूण केली जाते आणि पुढच्या लॉकला एरर मिळते. लोक त्यावर सरसकट अनरॅप लावतात, आणि बहुतेक ठिकाणी ते बरोबरच आहे: आतला डेटा अर्धवट बदललेला असू शकतो, तेव्हा तुम्हीही थांबा. आत नुसता मोजणीचा आकडा असेल तर इन्टू-इनर करून पुढे जायला हरकत नाही. दिवसाची बेरीज आत असेल तर ती फेकून डिस्कवरच्या नोंदींमधून पुन्हा करा.

कॅच-अनवाइंडने पॅनिक अडवता येतो. मी तो एकाच प्रकारच्या जागी ठेवते, जिथे एक काम सुरू होतं आणि पूर्ण संपतं. एका पावतीची छपाई, सर्व्हरची एक मागणी. अडवल्यावर त्या कामाने हात लावलेलं सगळं टाकून द्यायचं. अनवाइंड-सेफची तक्रार कंपायलर करतो तेव्हा असर्ट-अनवाइंड-सेफ लावून ती गप्प करता येते, पण ते लावणं म्हणजे 'मी बघितलंय' अशी सही आहे. आधी खरंच बघा. रोजच्या एरर हाताळायला मात्र कॅच-अनवाइंड वापरू नका, त्यासाठी रिझल्ट आहे.

दुसरा पर्याय म्हणजे प्रोफाइलमध्ये पॅनिकची किंमत अबॉर्ट ठेवणं. मग उलगडणं नाही, ड्रॉप नाही, कॅच-अनवाइंडचा उपयोग नाही. कुठल्याही थ्रेडमधला पॅनिक पूर्ण प्रोसेस संपवतो. बफरमध्ये राहिलेलं लिखाण जातं, तात्पुरत्या फाइली पडून राहतात. पण अर्धमेला प्रोग्रॅम उरत नाही. 'चुकीची पावती बंद पडण्याहून वाईट' हे तुमचं वाक्य असेल आणि प्रत्येक नोंद लगेच डिस्कवर जात असेल, तर अबॉर्टचा गंभीरपणे विचार करा. मी काटा वाचणाऱ्या प्रोसेससाठी अबॉर्ट ठेवलंय आणि सर्व्हरशी बोलणारी प्रोसेस वेगळी काढून तिला उलगडू दिलंय.

ड्रॉपच्या आत पॅनिक होईल असं काही लिहू नका. उलगडताना ड्रॉपमधून दुसरा पॅनिक बाहेर पडला की रस्ट थेट अबॉर्ट करतो आणि पहिल्याचं कारण शोधणं अवघड होतं. सी कोडमधून बोलावलेल्या रस्ट फंक्शनमधूनही पॅनिक बाहेर जाऊ देऊ नका. साध्या एक्स्टर्न सीच्या हद्दीवर रस्ट १.८१ पासून तो अबॉर्ट होतो. तिथे आतच अडवून एरर कोड परत द्या.

मागे काय उरतं

मेनच्या पहिल्या ओळीत पॅनिक हुक, म्हणजे पॅनिक होताच चालणारं फंक्शन, लावा. हुक उलगडण्याच्या आधी चालतो आणि अबॉर्ट ठेवलं असलं तरी चालतो. टेक-हुकने जुना हुक काढून घ्या आणि तुमच्या हुकमधून त्यालाही बोलवा, नाहीतर नेहमीचा संदेश नाहीसा होतो. स्वतः फक्त एवढं करा: वेळ, आवृत्ती, थ्रेडचं नाव, जागा, कारण आणि बॅकट्रेस एका फाइलमध्ये लिहा. बॅकट्रेस फोर्स-कॅप्चरने घ्या, म्हणजे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलवर अवलंबून राहावं लागत नाही. हुकमधून नेटवर्कवर जाऊ नका, कुलपं मागू नका. पॅनिक झालेल्या थ्रेडने तेच कुलूप धरलेलं असू शकतं आणि मग सगळंच लटकतं. फाइल पुढच्या वेळी सुरू झाल्यावर पाठवा.

पुन्हा उभं करायचं काम लिनक्सवर प्रोग्रॅम सुरू-बंद करणाऱ्या सिस्टमडीला द्या. रीस्टार्टला ऑन-फेल्युअर ठेवलं की १०१ आणि अबॉर्ट दोन्हींवर तो प्रोग्रॅम परत सुरू करतो. इथे एक खाचखळगा आहे. डिफॉल्टने दोन सुरुवातींमधली वाट फक्त १०० मिलिसेकंद असते, आणि १० सेकंदांत पाच सुरुवाती झाल्या की सिस्टमडी नाद सोडतो. सुरू होताच पॅनिक होणारा प्रोग्रॅम बघता बघता ही मर्यादा गाठतो आणि मग कुणीतरी हाताने सुरू करेपर्यंत पडून राहतो. फॅट मशीनला चालू व्हायला वेळ लागतो म्हणून एवढ्यावरून केंद्र बंद राहणं योग्य नाही. रीस्टार्ट-सेक ५ ठेवा.

दुसरा खळगा याच्या उलटा. रांगेतली एक नोंद अशी आहे की ती वाचताच पॅनिक होतो. प्रोग्रॅम उठतो, तीच नोंद घेतो, पडतो, पुन्हा उठतो. म्हणून नोंदीवर काम सुरू करण्याआधी डिस्कवर तिच्यापुढे प्रयत्नाचा आकडा वाढवा. तिसऱ्यांदा तीच समोर आली तर बाजूच्या फाइलमध्ये टाका, पडद्यावर सभासद क्रमांक दाखवा आणि पुढच्या नोंदीकडे जा. ती पावती माणूस हाताने लिहू शकतो.

हे सगळं असूनही दोन गोष्टी हुकपर्यंत पोचत नाहीत. स्टॅक ओव्हरफ्लो हा पॅनिक नाही, प्रोसेस थेट संपते. खोल रिकर्शनला (फंक्शनने स्वतःलाच बोलावत जाण्याला) मर्यादा घाला. मेमरी मिळाली नाही तरी डिफॉल्टने अबॉर्टच होतो. या दोन्हींसाठी सिस्टमडीचा जर्नल (त्याचा लॉग) हाच पुरावा, तेव्हा तो रीबूटनंतरही टिकेल असा डिस्कवर ठेवा.

रस्टचा कोड तपासणाऱ्या क्लिपी या साधनाचे अनरॅप-यूज्ड, इंडेक्सिंग-स्लायसिंग आणि स्ट्रिंग-स्लाइस हे लिंट (इशारे देणारे नियम) चालू करा. ते आपणहून चालू नसतात. जुन्या कोडवर इशाऱ्यांचा पाऊस पडेल. सगळे एकदम मिटवायला जाऊ नका, आधी बाहेरची बातमी वाचणाऱ्या फाइली घ्या.

आणि प्रत्येक आवृत्ती बाहेर पाठवण्याआधी पॅनिक मुद्दाम घडवा. टेस्ट बिल्डमध्ये एक लपलेली आज्ञा ठेवा, जी सांगाल त्या थ्रेडमध्ये पॅनिक करते. ती काट्याच्या थ्रेडवर चालवा आणि घड्याळ लावून बघा: पडदा किती सेकंदांत लाल झाला, फाइलमध्ये ओळीचा आकडा आला का, जर्नलमध्ये अबॉर्टचा सिग्नल ६ दिसतो का, पाच सेकंदांनी प्रोग्रॅम उठला का, आणि मधल्या वेळात 'छापा' दाबलं तर पावती निघाली का. ती निघता कामा नये.